आधी खट्ट, मग फोटो

नेकनूर, मंगळवार

सन्माननीय अर्जुनराव व्याही यांना मुंजाजी मंडपवाल्याचा वाकून रामराम.

इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. (मला त्यात धरू नका, रविवारपासून भाकर गोड लागत नाही.) तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेनं विहीणबाईंचा खोकला वाढला होता, तो कसा आहे? तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना ह्या माणसानं पत्र कावून, कशापायी लिहिलं? तर तुमचा फोन विहीणबाई उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात. मी सायकलला भोंगा बांधून मंडप-साउंडचा धंदा उभा केलेला माणूस. तुमच्या खोलीतला पंखा कुरकुरतो तोसुद्धा मला इकडं कळतो. म्हणून आमच्या टेम्पोवाल्या सुग्रीवच्या हाती पत्र देतोय. एकटे असताना वाचा.

विषय तुमच्या कॅमेऱ्याचा आहे. (कॅमेरा धड आहे. आधीच सांगतो, म्हणजे छातीत धडधडायला नको.)

रविवारी साखरपुड्याला ठरलेला फोटोग्राफर आलाच नाही, आणि तुम्ही भल्या मनानं तुमचा तो महागडा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवलात. तो कार्डावर चालणारा, नवा निघाला त्याच साली तुम्ही घेतलेला, आणि अजून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवता, हे मला ठाऊक होतं. तरी मला आधी तो रीळचाच वाटला. वर आकड्यांची चाकं, भिंगाभोवती कडं, डोळा लावायला खिडकी. तुम्ही म्हणालात, सगळं लावून दिलंय, चाकांना हात लावू नका, भिंग पिरगाळू नका, ते निघत नसतं. झूम नाही, माणूस मोठा दिसायला हवा असेल तर दोन पावलं पुढं जा. मी सगळं पाळलं. (पुढं जाता जाता गुरुजींच्या ताम्हनात पाय पडला, पण त्यात नुसतं पाणी होतं.)

घोटाळा आवाजाचा झाला. तुमच्या कॅमेऱ्याला आवाजच नाही. म्हणजे आहे, पण पाल चुकचुकते त्याच्या निम्मा. माझ्या कानाला तो आला, बाकी मांडवात कुणाच्याच नाही. फोटो निघून जायचा आणि माणसं श्वास कोंडून तशीच उभी. तुमच्या थोरल्या भगिनी साखराबाई तर मान ताठ करून इतका वेळ थांबल्या की शेवटी म्हणाल्या, "पावनं, आत रीळ हाय का न्हाई? म्हातारीला कावून ताटकळवता?" सगळा मांडव हसला. आता साउंडवाल्याला आवाजावरून हसलेलं सोसत नाही. मी जीभ टाळूला लावून जोरात खट्ट केलं. बाई लगेच सैल झाल्या. आता निघाला बघ, म्हणाल्या. तिथून पुढं मी प्रत्येकाला खट्ट देत गेलो. लोक खूश. एका पाहुण्यानं तर कॅमेऱ्याचा आवाज लई दणकट हाय म्हणून किंमत विचारली.

घरी आमच्या पोरीनं, शिवकन्यानं, मागच्या काचेवर फोटो दाखवले तेव्हा कुठं मला कळलं. व्याही, माणसाला जीभ आणि बोट एका वेळी हलवता येत नाही. माझी जीभ आधी चालली, बोट मागून. खट्ट ऐकून लोकांनी तोंडं सैल सोडली आणि नेमका तेव्हा फोटो निघाला. तिथून पुढचा एकूण एक फोटो तसा. आमदारकीवर डोळा असलेले विजयसिंह पाहुणे जांभई देताहेत, आतल्या दाढांसकट. आणि उज्ज्वलाताई विहीणबाई! आमच्याकडच्या मानाच्या साडीचा काठ दोन बोटांत धरून, किडकी भेंडी बघावी तशा बघताहेत. ती साडी आमच्या हिनं बीडची दुकानं पालथी घालून आणलेली. हिनं तो फोटो पाहिला तर ही बोलेल, ही बोलली की त्या बोलतील, आणि लग्न अजून व्हायचंय. पोरीला तुमचा सोमेश्वर मनापासून आवडलाय. तिनं सांगितलेलं नाही, पण शेजारच्या खोलीत ती फोनवर दबक्या आवाजात हसते, ते मला ऐकू येतं. ते हसणं माझ्या जिभेपायी बंद पडलं तर मी काय करू?

पुसून टाकावे म्हटलं तर धीर होत नाही. त्यात एक त्या दोघांचा आहे. तिनं त्याच्या कानाशी काहीतरी म्हटलंय आणि तो हार सावरत हसतोय. बोट चुकून तेवढाच पुसला गेला तर? म्हणून कॅमेरा आहे तसा पाठवतोय. तुम्ही जाणते आहात. विहीणबाईंना सांगा, कार्ड बिघडलं.

आपला,
मुंजाजी

ता. क. खोटं बोलणं तुम्हाला जड जाईल, ठाऊक आहे. म्हणून कळवतो की साडीच्या त्याच फोटोत मागं कनातीआड एक गृहस्थ उभे आहेत. एक जिलेबी तोंडात, बाकीच्या ताटलीत. तुमची शुगर विहीणबाई स्वतः तपासतात असं ऐकून आहे. ही धमकी नव्हे. आपण एकाच फोटोत अडकलोय, एवढंच.

आणखी एक ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. शिवकन्यानं ते सगळे फोटो कालच फोनवर घेऊन सोमेश्वररावांना पाठवले म्हणे, आणि त्यांनी आईला दाखवले. आत्ताच विहीणबाईंचा फोन येऊन गेला. साडीचं त्यांनी हसण्यावारी नेलं. काठ उसवलाय का तेवढं बघत होते, म्हणाल्या, चेहरा जन्माचाच तसा हाय. माझं ओझं उतरलं. मग त्यांनी फोटो मोठा करून कनातीकडं बघितलं आणि तुम्हाला हाका मारायला लागल्या. तुम्ही ओ देत नव्हतात, तेही मी ऐकलं. व्याही, जिथं असाल तिथं, शुगर तपासायच्या आधी पाणी भरपूर प्या.