आजोबा जे बोलले नाहीत

प्रिय प्रसेनजित,

सप्रेम जयभीम.

तुझा मेसेज मिळाला. "बाबा, फक्त 'संमती आहे' एवढं लिहून पाठवा, बाकी मी बघतो," असं तू लिहिलं आहेस. पिंकीने तो वाचून दाखवला आणि वर म्हणाली, "दादा मोठा होऊन राह्यला, द्या ना बाबा लिहून." तुझी आई पोळ्या लाटताना लाटणं नेहमीपेक्षा जोरात आपटत होती. मेसेजला मेसेजनेच उत्तर देता आलं असतं. पण नुसतं 'नाही' एकटं पाठवलं की ते दगडासारखं लागतं. म्हणून त्याच्यामागचं सगळं कागदावर लिहितो आहे. तर आधीच सांगून टाकतो. माझी संमती नाही.

तू म्हणशील, बाबा खेड्यातले, मशीनला घाबरतात. मी घाबरत नाही. सोयाबीन पेरायच्या आधी मी मोबाईलवर पावसाचा अंदाज बघतो, तुरीचा भाव बघूनच गाडी बाजारात नेतो. फवारणीचं ड्रोन आलं तेव्हा आपल्या शिवारात पहिल्यांदा मीच बोलावलं होतं. तुझ्या कंपनीत माणसाचे जुने रेकॉर्डिंग मशीनला ऐकवून त्याच्याच आवाजात नवीन काहीही बोलवता येतं, हे तू लिहून समजावलंस तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. आपल्या वऱ्हाडी बोलीचा आवाज कुठल्याच मशीनमध्ये नाही, आपणही त्यात असलो पाहिजे, हे तुझं म्हणणं मला आजही पटतं. माझं भांडण तिथे नाही.

गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाचं रोजचं वाचन सुरू होताना, तू विहारासाठी ती बोलणारी पेटी पाठवलीस. उकंडराव आजोबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पेटीचं बटण दाबलं आणि भोंग्यातून त्यांचा आवाज आला. धम्मग्रंथाचं पहिलं पान ते वाचत होते. कितीतरी बायांनी पदर डोळ्याला लावले. समितीचे देवानंदभाऊ तर भलतेच खूश. "आता कोनाच्या पाया पडाची गरज नाही, की बाबू तू वाच. ना चष्मा, ना खोकला. बटन दाबलं का सुरू." एक भाग संपला तसे आम्ही सगळे नेहमीप्रमाणे हात जोडून "साधू, साधू, साधू" म्हणालो. पण आवाज थांबला नाही. आमच्या साधूवरून तो तसाच पुढे वाचत गेला. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कोणी साधू म्हटलंच नाही.

आजी माझ्या शेजारी बसली होती. ती कानात म्हणाली, "हा तुहा बाप नोहे, संघपाल. तो इतका येळ दम न घेता वाचत बसला असता तं मांगंच मेला असता."

खरंच होतं. तुला आठवतं ना ते कसे वाचायचे? मोठेपणी अक्षर शिकलेला माणूस. ओळीखाली बोट धरायचे. 'प्रतीत्यसमुत्पाद' आला की बैल चढावर थांबतो तसे थांबायचे, दोनदा मागे यायचे आणि मग एकदम पार व्हायचे. पार झाले की स्वतःच हसायचे. विहारात दर वर्षी पाळीने वाचन चालतं ते त्यांच्यामुळेच. जो चांगला वाचतो त्यानेच वाचायचं, असं आपल्याकडे कधी नव्हतं. त्यांचा एकच कायदा होता. "वाचनारा थांबला का आपनबी थांबाचं. त्याच्या तोंडात शबद कोंबाचा नाही. ज्याइले कोनी वाचू देल्लं नाही, त्याइची लेकरं हाओत आपन. घाई कायले?"

पेटी आल्यावर पाळी गेली. भोंगा घरी बसून ऐकू येतो म्हटल्यावर एकेक माणूस विहारात यायचं थांबलं. श्रावण संपेपर्यंत सतरंजीवर आजी, मी आणि देवानंदभाऊ उरलो. एका संध्याकाळी देवानंदभाऊंनाही डुलकी लागली. आजी उठली. तिने भोंग्याची वायर ओळखली नाही, म्हणून सगळ्याच उपटल्या. विहारात अंधार. देवानंदभाऊ दचकून उठले, "काय झालं माय?" आजी म्हणाली, "काही नाही. माह्यावाला नवरा थकला. आता मी वाचतो." मी वायर परत लावल्या, पेटीची सोडून. आजीने माईक पुढे ओढला आणि साक्षरता वर्गात शिकली होती तसं अक्षराला अक्षर जोडत वाचायला लागली. एका शब्दावर अडकली ती अडकलीच. भोंगा मुका. आणि गंमत बघ, गावातून माणसं यायला लागली. कोण अडकलं ते बघायला! आली, चपला काढल्या, बसली. आजीचा शब्द सुटला तेव्हा झालेला साधू इतका मोठा होता की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

हे मी तुला तेव्हा कळवलं नाही. तुला वाईट वाटलं असतं. पण त्यानंतर जे झालं ते मात्र तुला कळायलाच हवं. तो आवाज वापरायची लिंक तू आपल्या गावच्या ग्रुपवर टाकली होतीस, चांगल्या मनाने, की पोरांनी धम्मातलं काही ऐकावं. गावच्या निवडणुकीत कोणीतरी तीच लिंक उघडली. मतदानाच्या दिवशी मी आसेगावच्या बाजारात चहाला उभा होतो. तांड्यावरचे दौलतसिंग, आजोबांचे जुने दोस्त, लांबूनच ओरडले, "भाऊ, उकंडबुवा गेल्यावरबी प्रचार करून राह्यले का!" आणि त्यांनी मोबाईल माझ्या कानाला लावला. माझे वडील एका पॅनेलसाठी मत मागत होते. नाव घेऊन, शपथ घालून. जो माणूस सांगायचा की मत आपल्या बायकोलेबी सांगाचं नसते, तो. दौलतसिंगांनी माझा चेहरा बघितला आणि मोबाईल बंद केला. म्हणाले, "माफ कर बाबू. मले वाटलं तुले ठाऊक असन." चहा तसाच राहिला. गावात आलो तर कालव्याच्या पाटसऱ्यावरची म्हातारी काकू मला सांगते, "तुह्या बापानं सांगतलं, मंग मी त्याइलेच देल्लं." मेलेल्या माणसाने तिचं मत नेलं.

आता तुझी कंपनी म्हणते, हा आवाज गावोगावच्या मोबाईलमध्ये देऊ. बातम्या वाचेल, खताची जाहिरात करेल, सांगाल ते बोलेल. मेलेल्या माणसाचा आवाज कोणाचा, याबद्दल कायदा काय म्हणतो मला माहीत नाही. तुझ्या साहेबांनाही पक्कं माहीत नसावं, नाहीतर माझ्यासारख्या माणसाची संमती त्यांनी मागितली नसती. वारस म्हणून वडिलांचं वावर माझ्या नावावर झालं. त्यांची जीभ झाली नाही. ते जिवंत असते तर त्यांनी हो म्हटलंही असतं कदाचित, पण विचारायला ते नाहीत, आणि त्यांच्या वतीने हो म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडात शब्द कोंबणंच. साहेबांना माझं नाव सांग. यायचं तर वाशिमला येऊ देत, पुण्याला बोलावलं तर मी येतो. हेच बोलेन.

म्हणून बाप म्हणून सांगतो, तो तयार केलेला आवाज पुसून टाक. कंपनीतून, लिंकवरून, पेटीतून. पिंकीने विहारात केलेलं जुनं रेकॉर्डिंग मात्र जपून ठेव, खोकल्यासकट, मागून गेलेल्या ट्रॅक्टरसकट. ते जे बोलले ते आपलं आहे. जे बोलले नाहीत ते कोणाचंच नाही.

आणि ते रेकॉर्डिंग एकदा बसून ऐक. मशीनला देताना तू त्यातली गप्प जागा कापून टाकली असशील, आवाज स्वच्छ करायला. ती न कापता ऐक. दर वर्षी पहिल्या दिवशी वाचनाआधी आजोबा पाळीची नावं पुकारायचे. पहिलं नाव नेहमी तुझंच. "प्रसेनजित संघपाल." मग ते थांबायचे. कोणी उठत नाही, तरी थांबायचे. मग पुढचं नाव. तू सातवीत असताना वाचायला उभा राहिलास, 'भगवान'च्या भ वर अडकलास, मागची पोरं हसली आणि ग्रंथ ठेवून तू निघून गेलास. आजोबा बाकीच्यांना थांबवायला हात वर करून तसेच बसून राहिले होते. तू दारातून गेल्यावरही त्यांनी हात खाली केला नव्हता. त्यानंतर तू फोनवरही बोलेनासा झालास, सगळं लिहूनच. कधीही न अडखळणारा आजा तू का बनवलास, हे मला ती पेटी ऐकताना पहिल्याच दिवशी कळलं होतं, बेटा. पण ज्याचा आवाज तू घेतलास तो माणूसही प्रत्येक पानावर अडखळत होता. आणि कोणी हसलं म्हणून त्याने कधी ग्रंथ खाली ठेवला नाही.

यंदा समितीने नावं पुकारायचं काम माझ्याकडे दिलं आहे. हे पत्र खरं त्यासाठी आहे. पौर्णिमेला पहिलं नाव मी तुझंच पुकारणार. आजी म्हणते, "येते का नाही ते मले नोको सांगू, तू फकस्त पुकार." मी पुकारेन आणि हात वर करून थांबेन. ये. भ वर अडकलास तर अडक, भोंगा चालू राहील, सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे. हसणाऱ्याकडे आजी बघून घेईल. बाकी आम्ही कोणी तुझ्या तोंडात शब्द घालणार नाही.

तुझीच वाट बघत सतरंजीवर बसलेला,

तुझाच
बाबा