आईसाठी घेतलेली गाडी

बिश्केक, १४ ऑक्टोबर

प्रिय बुरुलताई,

तिकडे इंचॉनला गारठा सुरू झाला असेल. छाती जप. इकडे सगळं ठीक. जर्दाळूची फांदी छपरावर आली होती, ती छाटली.

मी गाडी घेतली हे फोटोवरून तुला कळलंच. वीज आणि पेट्रोल, दोन्हींवर चालते. चार वर्षं गॅरेजात उभी होती. चाकांतली हवा गेलेली, टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास, बॅटरीत निम्माच जीव. रात्रभर चार्ज केली तरी जेमतेम वीस किलोमीटर जाते, मग इंजिन घरघरायला लागतं. मालकीण सायकाल आपा, निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून ती चार्ज करायचे. ते गेल्यावर तिला कुणी हात लावला नाही.

आपांनी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली होती. प्रत्येकाला एकच विचारायच्या, गाडी कशाला हवी? मलाही विचारलं. मी म्हणालो, "आईला डायलिसिसला न्यायला. आठवड्यातून तीनदा."

ताई, तेव्हा आईला जाऊन सात महिने झाले होते.

गाडी हातची जाऊ नये म्हणून बोललो, असं मी स्वतःला समजावलं. आपांनी लगेच किल्ली दिली. मग दर शुक्रवारी त्यांचा फोन, आईला बरं आहे ना? एकदा लोकरीचे मोजे पाठवले, तिथल्या खुर्चीत पाय गार पडतात म्हणून. मी ते घेतले. आई झोपलीय, असंही एकदा सांगितलं.

गेल्या रविवारी त्या न कळवता दारात उभ्या. मी त्यांना आईच्या खोलीत नेलं. गुंडाळलेली गादी, भिंतीवर फोटो. सांगायची वेळच आली नाही. त्या म्हणाल्या, "मग मी इतके दिवस कुणाच्या आयुष्यासाठी दुवा मागत होते?"

मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. आईचं नाव विचारलं. झूरा, म्हणालो. त्या स्वयंपाकघरात गेल्या, पीठ मळलं, तेल तापवलं. गेलेल्यांना तळणीचा वास पोचतो हे मला काय माहीत नाही? पण वर्ष होत आलं, मी आईसाठी एकदाही कढई चढवली नव्हती. पिठाचे छोटे बोरसोक तळून त्यांनी आईच्या नावाने प्रार्थना केली. जाताना म्हणाल्या, "खरं सांगितलं असतंस तरी दिली असती रे."

पण सगळं खरं त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुलाही नाही.

तू विचारायचीस, आईला कोण नेतं? मी म्हणायचो, मीच, टॅक्सीने. ताई, मी फक्त पहिले दोन आठवडे गेलो. नंतर ती एकटीच जायची, मिनीबसमध्ये उभ्याने. येताना चक्कर यायची, म्हणून थांब्यावर बसून राहायची. "तुझं काम बुडतं. बुरुलला सांगू नकोस, तिथे जिवाला लावून घेईल," म्हणायची. मला ते सोयीचं होतं.

काल शुक्रवार, पण आपांचा फोन आला नाही. मीच केला आणि हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता बहिणीला सांग. पत्र लिही. फोनवर तुला खोटं बोलायची सवय आहे."

म्हणून लिहिलं. माफ कर असं लिहायला हात उचलत नाही.

आईला एकटीला पाठवणारा,
तुझाच भाऊ
तिलेक