जे खरं आहे तेवढंच

पांडेसरा, सुरत
गुरुवार, दुपार

प्रिय उज्ज्वला,

सप्रेम सलाम. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते तसंच फळीवर ठेवून देशील, असं मला सारखं वाटतंय. ठेवलंस तर तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. गेल्या नाताळला तू नवापूरहून करंज्यांचा डबा पाठवलास, तो मी झाकणसुद्धा न काढता शेजारच्या सुंदराला देऊन टाकला. पण उघडलंच असशील, तर शेवटपर्यंत वाच.

मी तशी बरी आहे. गुडघा दुखतो, तो दुखणारच. महेश बायकोला घेऊन बडोद्याला गेला त्याला दीड वर्ष झालं. रविवारी त्याचा फोन येतो. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलतो आणि मी काही सांगायला लागले की ‘चाल मम्मी, मूकुं छुं’ म्हणून ठेवून देतो. मुलगा वाईट नाही गं. त्याच्या वयात आपणही आईशी असंच बोलायचो.

साड्यांचे धागे कापायचं काम अजून करते. सकाळी गठ्ठा येतो, संध्याकाळी परत जातो. हात कात्रीत गुंततात आणि डोकं रिकामं राहतं, तेच वाईट. तुझे भाऊजी होते तेव्हा मिलमधून आले की अंगाला रंगाचा वास यायचा आणि मी कटकट करायचे. आता कटकट करायलाही कोणी नाही. एकदा दुपारी मनात आलं, मी इथेच मरून पडले तर कोणाला कधी कळेल? मग स्वतःच उत्तर दिलं, गठ्ठा न्यायला माणूस येईल तेव्हा. त्या दिवसापासून तो विचार रोज यायला लागला. पाठोपाठ दुसरे यायचे. आपण कोणालाच नको आहोत. आपण होतो काय, नव्हतो काय. हळूहळू मी रविवारी उपासनेला जायचंही सोडलं.

आमच्या चर्चच्या मंडळीत शोभाबाई आहेत, जालन्याच्या, नर्सचं काम करून रिटायर झालेल्या. तीन रविवार मी दिसले नाही म्हणून त्या घरी आल्या. चहा घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “रंजनाबाई, ताप किती आहे ते आपण मोजून बघतो ना? मग मनात काय चाललंय ते लिहून बघायला काय हरकत आहे?” त्यांच्या पर्वत पाटियाच्या घरी दर गुरुवारी दुपारी आम्ही पाच-सहा बायका वचनाचा अभ्यास करतो. कोणाचं पवित्र शास्त्र मराठी, कोणाचं गुजराती. एकीनं वाचलं की दुसरी आपल्या भाषेत तेच शोधते, आणि त्यात कधीकधी सगळी दुपार जाते. प्रत्येकीनं वहीत डाव्या पानावर आठवड्यात सतावलेला विचार लिहायचा, उजव्या पानावर त्याला उत्तर देणारं वचन. मग घरी तो विचार आला की ते वचन मोठ्यानं म्हणायचं.

पहिल्यांदा मला हे शाळेतल्या पोरींसारखं वाटलं. पण ‘मी कोणालाच नको’ यासमोर मी त्या मेंढपाळाची गोष्ट लिहिली, बाकीची सगळी मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला गेलेल्या. कात्री चालवताना ती म्हणत राहिले. विचार काही लगेच गेला नाही. पण पूर्वी तो आला की जेवण राहून जायचं, ते आता होत नाही. दोन भाकरी थापते, दोन्ही खाते.

मागच्या महिन्यात आम्ही पौलानं तुरुंगातून लिहिलेल्या एका पत्राचा भाग वाचला. माणसानं कशाकशावर मन लावावं ते त्यात सांगितलंय, आणि त्यात सगळ्यांत आधी येतं ते खरं. शोभाबाई म्हणाल्या, “चांगला विचार म्हणजे गोड विचार नव्हे. आधी तो खरा पाहिजे. खोट्यावर वचन चिकटवलं तर ते टिकत नाही.” तोवर वहीची बरीच पानं भरली होती. पण एक विचार मी कधीच लिहिला नव्हता, आणि तो सगळ्यांत जुना होता. त्या दिवशी तो लिहिला. ‘आईच्या वेळी उज्ज्वलानं मला मुद्दाम कळवलं नाही.’ समोर क्षमेचं वचन लिहिलं आणि मोठ्या मनानं शोभाबाईंना दाखवलं. त्यांनी डावं पान वाचलं आणि एवढंच विचारलं, “हे खरं आहे ना?” मी हो म्हटलं. घरी येऊन गठ्ठा सोडला आणि पहिल्याच साडीच्या धाग्याऐवजी काठालाच कात्री लावली. पुढचे तीन गुरुवार मी तिकडे फिरकले नाही.

उज्ज्वला, ते खरं नाही. आई गेली त्या दुपारी तुझा फोन सहा वेळा आला. मी सहाही वेळा बघितला. पंधरा दिवस आधी तू म्हणाली होतीस, ताई, दोन महिने आईला तुझ्याकडे ने, मी थकले. मी खोली लहान आहे म्हणून टाळलं होतं. मला वाटलं, तू पुन्हा तेच म्हणणार. मी फोनचा आवाज बंद केला आणि तो साड्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. सकाळी तुझा मेसेज वाचला. नवापूरला पोहोचले तेव्हा माती होऊन गेली होती. आणि अंगणात सगळ्या मंडळीसमोर, पाळकांसमोर, मी तुला म्हटलं, तू मला कळवलं नाहीस. तुझा फोन तुझ्या हातातच होता. तू तो कोणाला दाखवला नाहीस. मान खाली घालून मला पाणी आणायला आत गेलीस.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच ‘जाऊ दे, ताई’ म्हणाली असतीस आणि मी सुटले असते. म्हणून लिहिलं. येत्या रविवारी मी नवापूरला येते आहे. उपासना संपल्यावर पाळकांना दोन मिनिटं मागेन आणि त्या अंगणात जे बोलले ते खोटं होतं, हे त्याच माणसांसमोर सांगेन. तुला तिथे बसवणार नसेल तर बसू नकोस. फक्त हे तुला माझ्याकडून आधी कळावं, मंडळीच्या तोंडून नको.

तुझीच,
रंजनाताई