स.ला कुठं ठेवायचं

गुरु., ३ जुलै
सणसवाडीचा वर्ग. आज सव्वीस पोरं, सगळी कंपनी-कामगारांची. आईबाप शिफ्टला, म्हणून दिवसभर आमच्या संस्थेकडं. दारात ती मुलगी पुन्हा उभी. खोली ज्यांची, त्या आप्पांची नात. नऊ वर्षांची. नाव इथंही लिहीत नाही, स. म्हणते. शाळेच्या वेळेला तू इथं कशी, विचारलं. "बाळ झोपलंय." एवढंच. केस बारीक कापलेत, कातरीनं, वेडेवाकडे.

मंगळ., ८ जुलै
स.नं एकीच्या डब्यातली चपाती उचलली. भिंतीकडं तोंड करून, उभ्यानंच खाल्ली. मनगटाजवळ भाजल्याचा डाग, उलथन्याच्या कडेसारखा सरळ. "दूध सांडलं." दुधाचा डाग असा पडत नाही.
फाटकाशी आप्पांना गाठून डागाचं विचारलं. चार वर्षं खोली दिलीय, कधी उपकार दाखवला नाही. म्हणाले, "आई न्हाई तिला, बाप कामापायी बाहेरगावी. सावत्र म्हटल्यावर थोडं वरखाली व्हायचंच. तुम्ही तुमच्या पोरांचं बघा, ताई."
मी बरं म्हणाले.

शनि., १९ जुलै
अकरा दिवस वही उघडली नाही. या आठवड्यात स. दिसली नाही. कुणाला विचारलंही नाही. खोली गेली तर सव्वीस पोरं हायवेच्या कडेला, हे रोज स्वतःला सांगतेय. खोटं नाही ते. पण

सोम., २१ जुलै
दुपारी बादली भरायला आप्पांच्या गोठ्यामागच्या टाकीवर गेले. गोठ्याला बाहेरून कडी. आत कुणीतरी खोकत होतं. कडी काढली. स. वैरणीवर बसलेली.
"कवापासनं हायस?"
"काल सांजच्यापासनं."
पाठीला हात लावला तशी आकसली. पाणी पाजलं. मग म्हणाली, "ताई, जाताना कडी लावा. न्हाईतर कुणी उघडली म्हणून इचारत्याल."
लावली नाही. तिच्याजवळ बसूनच वैशालीताईंना फोन केला. संस्थेच्या प्रमुख त्या. एकच बोलल्या, "तिला सोडून हलू नका." तासाभरानं महिला पोलीस आणि बालसंरक्षणच्या मॅडम आल्या. तोवर सावत्र आई दारात उभी, कडेवर बाळ. पोरगीच आहे तीही, बावीस-तेवीसची. एकदाच बोलली, "माझं कोन बघतंय?"

मंगळ., २२ जुलै
स.ला बालकल्याण समितीपुढं नेलं. डॉक्टरांच्या कागदावर पाठीवरचे वळ, ताजे आणि दोनेक आठवड्यांपूर्वीचे. दोन आठवड्यांपूर्वी मी बरं म्हणाले होते.
सध्या बालगृहात ठेवायचं ठरलं. गाडीत बसताना म्हणाली, "मी सांगितलं न्हाई, असं आप्पांना सांगा."

शुक्र., २५ जुलै
खोलीला कुलूप. सतरंज्या, पाट्या ओसरीवर नीट रचलेल्या. फेकून दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. आप्पा खुर्चीत.
"आधी माझ्याकडं यायचं व्हतं."
"आले होते, आप्पा."
स.नं काही सांगितलं नव्हतं, कडी मी काढली, हे सांगितलं. मान फिरवून बसले.
बौद्धवस्तीतल्या मामांनी विहाराची किल्ली दिली, वर्ग तिथं. आज सोळाच आली. लांब पडतं. बाकीची दहा पोरं आपापल्या खोल्यांत एकटी असणार.

मंगळ., ५ ऑगस्ट
बालगृहात जाऊन आले. स. जेवते, शाळेत जाते. उशीखाली चपाती लपवते. तिथल्या काकू रागावत नाहीत, सकाळी गुपचूप काढून टाकतात.
"घरी जायचंय का?"
"न्हाई. दौंडला. मावशीकडं."
आईची धाकटी बहीण. समितीनं मावशीचं घर बघून अहवाल द्यायला संस्थेला सांगितलंय. म्हणजे मला.

सोम., ११ ऑगस्ट
दौंड. रुळांपलीकडं दोन खोल्या, स्वच्छ. मावशी खानावळीत पोळ्या लाटते, नवरा ट्रकवर, आठवड्यातनं दोन दिवस घरी. त्याच्याशी फोनवर बोलले. "येऊ द्या की. दोघी खेळतील." बहीण गेल्यावर मावशी तीनदा सणसवाडीला गेलेली, तिन्ही वेळा फाटकातून परत.
मला पटत चाललं होतं. तेवढ्यात तिच्या सहा वर्षांच्या मुलीच्या धक्क्यानं माझा चहा लवंडला. मावशीनं पाठीत धपाटा घातला. जोरात. पोरगी रडली नाही, फडकं आणायला गेली.
मावशीचा चेहरा उतरला. "हात सुटतो माझा, खोटं न्हाई बोलत. पन उपाशी न्हाई ठेवायची तिला. कोंडायची न्हाई."
माझाही सुटायचा. प्राजूला, माझ्या लेकीला, कंगव्यानं मारलेलं एसटीत आठवत राहिलं. तिलाही आठवत असेल. कधी विचारलं नाही मी.

बुध., १३ ऑगस्ट
वैशालीताई म्हणाल्या, "पाहिलं ते सगळं लिहा, रेखा. धपाटाही." लिहिला. मावशीला समुपदेशन, आमची दर महिन्याला भेट, तेही लिहिलं. शिफारशीपाशी अडलेय. बालगृहात तिला कुणी मारणार नाही. तिथं तिचं कुणी नाही. आणि ती सहा वर्षांची रडली का नाही?
सोमवारी अहवाल द्यायचा.
संध्याकाळी काकूंनी फोन लावून दिला. स. रोज विचारते म्हणे.
"ताई, मावशीकडं गेलावता ना? मला ठेवती का?"
"ठेवते म्हणाली."
"मग?"
सोमवारी सांगते म्हणाले. तिनं फोन ठेवला नाही. मी पण नाही.