कर्नलची लेक

१४ फेब्रुवारी १९६६, सोमवार

तालीम कुठे? तर हॅमरस्मिथमधल्या एका चर्चच्या हॉलात! जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या — ही म्हणे भिंत, हे दार, ही चूल. बत्तीस वर्षं काम करतेय मी. सिनेमात सहा वेळा उमरावाची बायको झाले, दोनदा राणी. आणि आता टीव्हीच्या मालिकेत ग्रिम्सबीच्या गोदीवर जाळी सांधणारी म्हातारी नेल! डोक्याला फडकं बांधून!

मॉरिस — माझा एजंट — फोनवर म्हणाला होता, "डॅफ्नी, चार वर्षांत कुणी तुझं नाव काढलेलं नाही. घे गुपचूप." घेतलं गुपचूप.

दिग्दर्शक क्लाइव्ह. वय सत्तावीस. नखं कुरतडतो. भेटल्या भेटल्या म्हणाला, "आमच्या आजीला तुम्ही फार आवडायच्या!" आवडायच्या! मेलेय का मी?

१५ फेब्रुवारी

मालिकेतल्या माझ्या नवऱ्याचं काम रेज टटलकडे. जन्म गेला समुद्रकाठच्या थिएटरांत धपाधप पडून लोकांना हसवण्यात. एक संवाद पाठ नाही. तालमीभर व्हिनेगर लावलेल्या शिंपल्या चघळतो. माझ्यापुढेही पुडा धरला — "घ्या हो बाईसाहेब, विष नाही." शी!

१७ फेब्रुवारी

आज हसू की रडू ते कळेना.

क्लाइव्हनं सगळ्यांसमोर सांगितलं, "डॅफ्नी, तुमची बोली खोटी वाटते. राणीनं मोलकरणीची नक्कल करावी तशी." म्हणून मला शिकवायला माणूस आणलाय — जेरेमी. गोदीवरच्या लोकांच्या बोलण्यावर प्रबंध लिहिलाय त्यानं. गोदी पाहिलीय दोनदा, तीही मोटारीतून. मला म्हणतो, "पाणी नाही हो, पानी! जीभ सैल सोडा."

ही जीभ आवळायला मला तीन वर्षं लागली, गाढवा! मिस प्रुएटच्या शिकवणीत, दातांत पेन्सिल धरून. चुकलं की ती फूटपट्टी हाणायची. गोदीपासून दोन गल्ल्यांवर जन्मले मी. तेव्हाची एल्सी ब्लॅन्चर्ड. डॅफ्नी टेंपलर हे नाव पहिल्या सिनेमाच्या वेळी घेतलं. आणि नावापाठोपाठ बाकीचंही आलं — जन्म सिमल्याचा, वडील कर्नल, आईवडील दोघंही पटकीनं गेले, मी लहान असताना. पेपरवाल्यांनी छापलं. मग मीही म्हणत गेले.

वडील बोटीवर कोळसा टाकायचे. बोटीबरोबरच गेले. आई आहे. त्र्याऐंशीची. एडना, माझी थोरली बहीण, तिचं सगळं करते. मी नाताळाला पार्सल पाठवते. शेवटची गेले त्याला अकरा वर्षं झाली.

२२ फेब्रुवारी

पडद्याआड कपडे बदलत होते. पलीकडे क्लाइव्हचा आवाज — "पुढच्या आठवड्यात सुधारली नाही, तर दुसरी बाई बघू."

मला येत नाही असं वाटतंय या पोरांना! तोंड उघडलं तर जेरेमीचा प्रबंध विरघळेल चहात. पण उघडलं, की पुढचा प्रश्न ठरलेला — हे कुठे शिकलात, बाई? मग सिमला गेलं, कर्नल गेला, बत्तीस वर्षं गेली.

२५ फेब्रुवारी

एडनाचा फोन. कोपऱ्यावरच्या बूथमधून, घाईघाईनं.

"एल्सी, तू जाळीवाल्या बाईचं काम करतीयास म्हनं? पेपरात आलंय. आई लई थकलीया. सारखी इचारतीया, एल्सी कवा येनार म्हून."

"तालमी आहेत, एडना."

"व्हय. तुज्या तालमी." आणि ठेवला.

फोनमधूनसुद्धा मासळीचा वास येतो त्या बाईच्या बोलण्याला. अर्धा तास हात धूत बसले.

३ मार्च

चित्रण झालं.

प्रसंग असा — पोराची बोट परतलेली नाही. शेजारणी रडतात. नेल जाळं सांधत बसलेली. लेखकानं मला भाषण दिलं होतं! समुद्रा, तू निष्ठुर आहेस वगैरे. ज्या बाईनं पहाटे सहाला उठून बर्फासारख्या सुतळीत बोटं घातली, ती समुद्राशी बोलेल?

वडिलांची बोट बुडाल्याचं माझ्या आईला सांगायला लोक आले होते तेव्हा मी सात वर्षांची. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. आज कॅमेरा माझ्यावर आला आणि ते भाषण गेलं कुठेतरी. तोंडातून निघालं ते तिचं —

"एवढी वळ पुरी हू दे. मंग रडतो."

आणि जाळ्याची ती ओळ सांधत राहिले.

कुणी 'कट' म्हणेना. रेज टटल, तो शिंपल्याखाऊ, भिंतीकडे तोंड करून उभा. नंतर जवळ आला. "बाई, हे कुठनं आणलंत?"

"जेरेमीनं शिकवलं," मी म्हटलं.

आणि जेरेमी — लोकांशी हात मिळवत होता, निर्लज्ज! 'तशी थोडी मेहनत घेतली आम्ही' म्हणाला. माझ्याहून निर्लज्ज मात्र नाही. आईचा शब्द मीच देऊन टाकला त्याला.

८ मार्च

पहिला भाग लागला. बघितला नाही. खिडक्या पुसल्या.

९ मार्च

पेपरांना वेड लागलंय. एकानं लिहिलंय, 'कर्नलच्या घरात वाढलेल्या या बाईंनी गोदीवरची मजुरीण इतकी अस्सल उभी करावी, हीच खरी कला!' मॉरिसनं नऊच्या आत दोनदा फोन केला — दोन वर्षांचा करार, शिवाय सिनेमा. "डॅफ्नी, मी म्हणत नव्हतो?" तू फक्त 'घे गुपचूप' म्हणाला होतास, मॉरिस.

वार्ताहर मुलगी आली. गुलाबी टोपी, डोक्यात भुसा. "तयारी कशी केलीत?"

"निरीक्षण," म्हटलं. तिनं लिहून घेतलं.

तिच्यासमोर फोन वाजत होता. बूथवरून असेल, एडनाच असेल, हे कळत होतं. वाजू दिला.

१० मार्च

एडनाची तार. 'आई काल सकाळी गेली. तुझा भाग बघितला तिनं. शनिवारी माती.'

शनिवारी तालीम होती. हॉलात जाऊन क्लाइव्हकडे सुट्टी मागितली.

"कोण गेलं?"

"आई."

"पण त्या तर तुम्ही लहान असतानाच, सिमल्यात —"

"सिमला म्या बघितलंबी न्हाई, पोरा. ग्रिम्सबीची हुती माजी आई. जाळी सांधायची."

सगळ्या हॉलानं ऐकलं. ऐकू दे.