नकाशात नसलेला तांडा

५ मार्च १९६२
शाळेत जाऊन कपाटातली माझी पुस्तकं घेऊन आले. अकरा वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. हेडबाईंनी विचारलं, आता तुम्हाला बाई म्हणायचं की आमदारसाहेब? म्हटलं, बाईच राहू द्या.
निवडून आल्यापासून ओसरीवर अर्जवाल्यांची रीघ. बदली, विहीर, बंदुकीचा परवाना. एकाला तर मुलीचं लग्न जमवून हवं होतं. सगळं लिहून घेतलं.
दादाजींनी ह्यांच्या तोंडून निरोप पाठवला: बाकी सारं मागून, आधी तलाव. बरोबर आहे. प्रचारात मी शब्द दिला तो एकच, नाल्यावर तलाव होईल. आणि प्रचार केला दादाजींनी. ह्यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. स्वतःची दमणी जुंपून गावोगाव फिरले. पण सतरा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत, मीही नाही. रीतच तशी. ते आले की पदर पुढे ओढायचा, काही सांगायचं असेल तर जाऊबाईंना नाहीतर ह्यांना सांगायचं. सभेत मी बोलायला उभी राहिले की दादाजी मंडपाच्या मागे जाऊन ऐकायचे.

२२ मार्च, मुंबई
सभागृहात चौथा दिवस. अजून तोंड उघडलेलं नाही. दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा अध्यक्षांची नजर दुसरीकडे. शेजारच्या बाकावर साताऱ्याकडचे एक वयस्क सभासद. म्हणाले, पहिलं वर्ष नुसतं ऐकायचं असतं.
वर्षभर ऐकायला मला कोणी पाठवलेलं नाही. उद्या पुन्हा हात वर.

२७ मार्च
बोलले. चार मिनिटं. आवाज बरा लागला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय कामी आली. नाल्याचं पाणी पावसाळ्यात कसं वाहून जातं, माघात बाया कोसभर हंडे कशा वाहतात, एवढंच सांगितलं. खाली बसताना "मले वाटते" असं निघून गेलं तोंडातून. मागे कोणीतरी हसलं. हसू दे.

१० एप्रिल
तलाव यंदाच्या यादीत! मंत्र्यांनी स्वतः थांबवून सांगितलं. मोजणी लगेच सुरू. घरी तार केली.

१३ मे, घरी
धामणगावला गाडीतून उतरले, तिथून एस.टी.ने दुपारी घरी. ऊन भयंकर. जेवून जरा पडले तोच मेरसिंग नायक आला. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्याचा नायक. प्रचारात तांड्यातली सगळी मतं त्यानेच माझ्यामागे उभी केली. ओट्यावर बसला, पाणी प्याला.
मग म्हणाला, "बाई, लाल झेंड्या लावून गेले. एक झेंडी माह्या चुलीच्याही वर हाये. पाणी तिथवर येईन म्हणते."
त्याच्यासोबत गेले. खरंच. साऱ्या झोपड्या, सेवालालबापूंचं ठाणं, चिंचेखालचा कट्टा, सगळं झेंड्यांच्या आत. ओव्हरसियर तिथेच होता. नकाशा दाखव म्हटलं. तांड्याच्या जागी काहीच नाही, कोरं. "सरकारी पडीत आहे बाई. वस्तीची नोंद नाही," म्हणाला. त्याच्या पाठीमागे एक बाई भाकरी थापत होती.

१५ मे, यवतमाळ
ऑफिसात इंजिनियरना भेटले. तरुण माणूस, वागायला नम्र. कागद पुढे ठेवून समजावलं: वस्ती नोंदलेली नाही म्हणजे मोबदला नाही, पर्यायी जागा नाही. उठून जावं लागेल. कधी कोणी नोंदवली नाही? तांड्याचं नाव नायकावरून पडतं, नायक बदलला की नावही बदलतं. पटवारी दरवेळी सोडून देत गेले असतील. त्यांचा अंदाज.
विचारलं, दुसरी जागा नाहीच का? आहे म्हणाले. बांध अर्धा मैल वर घेतला तर तांडा वाचतो, पाणीही तेवढंच साठतं. मग वर का नाही घेतला?
त्यांनी नकाशाची घडी घातली. "वरच्या जागेत नाल्याकाठची काळी जमीन बुडते. बाई, ती तुमच्याच घरची आहे. तुमची सोय पाहिली."
माझी सोय.
परतीची एस.टी. धरली. लोहाऱ्यापासून घरापर्यंत एकच विचार, आमचं वावर वाचवायला त्यांना सांगितलं कोणी?

१६ मे
ह्यांना सकाळी गोठ्यात गाठलं, सगळं सांगितलं. हातातली पेंढी खाली ठेवून ऐकलं. मग हळूच म्हणाले, ओव्हरसियर आधी दादांना भेटून गेलता. दादांनी म्हटलं, पडीत जागेतून न्या.
दादाजींनी कोणाचं वाईट व्हावं म्हणून केलं नसणार. पडीत म्हणजे पडीत, एवढंच. तांड्यातली माणसं मोसमात आमच्याच वावरात कापूस वेचायला येतात, दादाजी त्यांना नावानिशी ओळखतात. तरी.
ह्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "ते वावर गेलं तर दादा जेवनार नाही. अन तांडा गेला तर तू जेवनार नाही. मी काय सांगू?"

२ जून
मेरसिंग पुन्हा आला. त्याने तांड्यात बैठक घेतली होती. म्हणाला, बाई, तुमच्या घरात भांडण नको. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ अन धान्य लादून फिरतच होते. आम्हीही हलू, मुकुटबनकडं आमचे सोयरे हायेत.
राग आला. त्याचा नाही. इतक्या सहज हलायची तयारी पाहून. विचारलं, तुझ्या बापाने इथे विहीर खोदली ना? हो म्हणाला. तुझी लेकरं माझ्या शाळेत आली ना? हो. मग हलायचं नाव काढू नको. माझं भांडण मी पाहते.
बोलून तर बसले. आता करायचं काय ते ठरवणं आलं.

१९ जून
तारांकित प्रश्न पाठवला. चार वेळा लिहिला, चारही वेळा फाडला. शेवटी तीन ओळींत बसवला. पेरणीची घाई आहे, घरात कोणाला वेळ नाही. बरंच झालं.

२४ जुलै, मुंबई
आज प्रश्न आला. छापील उत्तर: सदर ठिकाणी वस्ती असल्याची नोंद नाही. सबब प्रश्न उद्भवत नाही.
उपप्रश्नाला उठले. हातात आमच्या मतदारसंघाची मतदारयादी होती. म्हटलं, "अध्यक्ष महाराज, याच यादीत त्या तांड्यातली एकशे बारा नावं आहेत. सरकारने त्यांची मतं मोजून घेतली. मत घेताना ही माणसं होती आणि घर बुडवताना नाहीत, हे कसं?"
 साताऱ्याचे ते वयस्क सभासद बाकावर हात आपटत होते. मंत्र्यांनी मागच्या अधिकाऱ्यांकडे वळून काही विचारलं, मग म्हणाले: पावसाळा संपल्यावर दोन्ही जागांची मोजणी पुन्हा करून घेऊ, तांड्याची पाहणी करू.
खाली बसले.  दुसरी जागा कोणाची, ते सभागृहाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण आधी दादाजींना सांगणं गरजेचं होतं.

१२ ऑगस्ट, घरी
बातमी माझ्याआधीच पोचली होती. गावातली चार-पाच मंडळी ओसरीवर येऊन बसली. म्हणणं असं: तलाव आला होता, बाईंनी अडवला. मोजणी पुन्हा म्हणजे वर्ष गेलं. एकजण म्हणाला, मतं आम्हीही देल्ली होती. त्याचंही खोटं नाही. त्याच्या घरची विहीर माघात आटते.
म्हटलं, तलाव होईल, याच कारकिर्दीत होईल, पण कोणाची चूल बुडवून नाही. ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही.
जाऊबाईंनी माझं ताट वाढलं आणि आत निघून गेल्या. दादाजी दोन दिवस वावरातल्या खोपटातच.

१८ ऑगस्ट
तांड्यात तीज. पोरींनी टोपल्यांत पेरलेला गहू हातभर वाढलाय, त्याभोवती फेर धरून नाचल्या. बोलावणं होतं, गेले. मेरसिंगची म्हातारी आई, सारे तिला याडी म्हणतात. तिने हात धरून शेजारी बसवलं. तिला मराठी फार येत नाही. झेंडी दाखवून काहीतरी विचारलं. मेरसिंगने अर्थ सांगितला: पाणी चांगलं असते ना बाई, मंग आमच्यावरच काहून येऊन राह्यलं?
 तिच्याजवळ बसून राहिले.

२ सप्टेंबर, रविवार
पोळा होऊन गेला. आज बोलले.
दादाजी सकाळी ओसरीवर बैलांच्या वेसणी वळत होते. हे तिथेच. मी दारातून बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पुढे ओढला नाही. म्हटलं, "दादाजी, मला तुमच्याशी बोलायचं आहे."
ते उठायला लागले. ह्यांनी त्यांच्या हातातली वेसण धरली, एवढंच केलं. दादाजी खाली बसले. माझ्याकडे न पाहता, अंगणाकडे तोंड करून म्हणाले, "बोला."
सगळं सांगितलं. दोन्ही जागा, मोजणी, मुंबईतलं उत्तर. मध्ये तोडलं नाही त्यांनी.
मग म्हणाले, "ते वावर माह्या बापानं गोटे वेचून वेचून केलं. तुमाले मालूम हाये?"
म्हटलं, "हो. सतरा वर्षं त्याच वावरातली ज्वारी खाते."
"मंग काहून?"
"आपलं नाव कागदावर आहे. वावर गेलं तरी बदल्यात काही मिळेल, कोर्टात जाता येईल. त्यांचं नावच नाही. त्यांना उद्या उठा म्हटलं की उठावं लागतं."
बराच वेळ वेसण वळत राहिले. नंतर विचारलं, "आमदार झाल्या म्हणून बोलून राह्यल्या का?"
"नाही दादाजी. आधीच बोलायला पाहिजे होतं."
उठले, बैल सोडले, वावराकडे गेले.  जाऊबाई दाराआड उभ्या होत्या. रडत होत्या, रागाने की कशाने कळलं नाही.

१७ सप्टेंबर
तहसीलदारांकडे तीन खेपा घातल्यावर आज पटवारी तांड्यात आला. मी सोबत फिरले. घर, माणसं, गुरं, विहीर, सगळं उतरवून घेतलं. पंचनाम्यावर मेरसिंगची सही. सही मी चौथीत शिकवलेली नाही, तो त्याआधीच मोठा झाला होता. निवडणुकीच्या वेळी शिकला.
पटवाऱ्याने विचारलं, वस्तीचं नाव काय लिहू? तांड्यात अर्धा तास वाद. नायकाचं नाव नको, माणूस मरतो, असं मेरसिंगच म्हणाला. शेवटी 'चिंचतांडा' ठरलं. पटवाऱ्याने शाईने लिहिलं. याडीने कागद उलटा धरून पाहिला आणि परत केला.

२८ सप्टेंबर
इंजिनियरचं पत्र. पाच ऑक्टोबरला वरच्या जागेची मोजणी. जमीन धारण करणाऱ्यांनी हजर राहावं. हरकत असल्यास तिथेच लेखी द्यावी. हरकत आली तर प्रकरण वरिष्ठांकडे जाईल, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. तोवर खालच्या झेंड्या तशाच.
जमीन दादाजींच्या नावावर. पत्र ह्यांनी त्यांना वाचून दाखवलं. दादाजींनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं.

४ ऑक्टोबर, गुरुवार
दसऱ्याआधीची आवराआवर. घर सारवलं. कपाशीला बोंडं बरी धरली आहेत, विशेषतः नाल्याकाठी.
आर्णीच्या बाजारात हे भेटले तेव्हा सांगत होते, दादांनी वकिलाकडून एक कागद लिहून आणला. हरकतीचा की संमतीचा, ते सांगत नाहीत. मागितला तर दिला नाही. उद्या सकाळी मी स्वतः वावरात राहीन, एवढंच दादा म्हणाले.
मेरसिंगला निरोप पाठवला, उद्या तांड्यातून कोणी तिकडे फिरकू नका. दादाजींवर डोळ्यांचं ओझं नको.
जाऊबाईंनी संध्याकाळी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही जाल का? हो म्हटलं. मग मीही येते म्हणाल्या. कोणाच्या बाजूने, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.
मोजणीची साखळी आठ वाजता लागणार. आम्ही सातला निघू.