कोपऱ्यातली हिरवळ

लोहारा, यवतमाळ
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय अभिषेक,

उमरखेडला सगळे बरे असतील. इथे आईबाबा ठीक आहेत. मी डिंकाचे लाडू खाते, दुपारी झोपते. फोनवर तू रोज "जेवलीस का" विचारतोस, मी हो म्हणते आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहायला बसले.

राखीच्या सुमारास बाबांनी मागच्या अंगणात जी हिरवळ लावली, ती कोणीतरी उकरतंय. शेजारचे विठ्ठलराव हातात चहाचा कप घेऊन पाहणीला आले. म्हणाले, "साळिंदर असन. काटा सापडला तर मले द्या, बायकोले भेट देतो."

"त्याहीले कायले पाह्यजे काटा? जीभ आहे ना," बाबा म्हणाले.

मी हसले. हसायची जागा होती म्हणून.

मग मी वाचत बसले. घूस बीळ करते, बाहेर मातीचा ढीग लावते. मुंगूस लहान खळगे करतं. कोल्हा पंजांनी खणतो, माती मागे फेकतो. मला फक्त कोल्हा नको होता. लहानपणी बाबांनी घरी शिकवताना सांगितलेलं, जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. म्हणून संध्याकाळी गवतावर चाळलेली राख पसरली. सकाळी तिच्यावर दुभंगलेले खूर उमटले होते. रानडुकरं. हिरवळ पट्ट्यापट्ट्यांनी उलटली होती.

"आई, कोल्हा नाही," मी सांगितलं. तिचं लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

डुकरं हुमणीच्या अळ्या खायला येतात. अळ्या शेणखतातून आल्या, खत अर्धंच कुजलेलं होतं. कोपरा लवकर हिरवा व्हावा म्हणून बाबांनी तिथे जास्त घमेली टाकली होती. हे कळल्यापासून ते जेवताना मान वर करत नाहीत. मी त्यांना काही बोलले नाही, तूही बोलू नकोस.

शेतकरी करतात तसं बाबांनी सलूनमधून केसांचं पोतं आणलं. केस नाकात गेले की डुक्कर फिरकत नाही म्हणतात. मी ते केस कुंपणालगत पसरले. त्यात कोणाचं तरी जावळ होतं, भुरं, मऊ. तेवढं टाकलं नाही.

आता डुकरं येत नाहीत. पण कोपऱ्यातला दगड सरकलाय, बाभळीचे काटे बाजूला पडलेत आणि माती हातभर उलटली आहे.

अभिषेक, त्या दिवशी मला खोलीबाहेर येऊ दिलं नाही. त्या कोपऱ्यात खड्डा तू खणलास, आपल्या मुलीला तू ठेवलंस, मीठ तू घातलंस, हे मला आईने सांगितलं. किती खोल, ते तिला माहीत नाही. बाबा कंबरभर म्हणतात, पण ते स्वतः पाठ फिरवून उभे होते असंही तेच म्हणतात. तू त्याच संध्याकाळी गेलास. नंतर तिच्याबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस, मीही नाही.

मला माती काढून पाहता येत नाही. न पाहता तिला इथे ठेवून उमरखेडलाही येता येत नाही. सासूबाई नवरात्राआधी ये म्हणतात, त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

फोनवर सांगू नकोस. इथे ये, त्या कोपऱ्याजवळ उभा राहा आणि खड्डा तुझ्या कुठपर्यंत आला होता ते हात लावून दाखव. गुडघ्यापर्यंतच असेल, तर तेही दाखव.

तुझी आणि तिची,
केतकी